एक वाजताची नोंद

— नाही नाही, हातोडी आत नाही आणायची. बाहेरच ठेवा. बाकावर आई बसल्यात ना तुमच्या, द्या त्यांच्याच मांडीवर, कुठं पळून जात नाही ती. आणि फोन इथं, या खणात. हो, सगळ्यांनाच नियम आहे. मोठा साहेब आला तरी फोन खणात आणि किल्ली माझ्या खिशात. लोक फोटो काढायचे म्हणून झगझगीत उजेड पाडतात, शाई उडते जुन्या कागदाची. या आता. पाय पुसून या. आई नाही येत का आत? नको म्हणाल्या? बरं. बसू दे बाहेर. त्यांच्या शेजारी तो रुळाचा तुकडा टांगलाय, पाहिलात? पुलावरचाच तो. पूल पडल्यावर नदीतून काढला, नऊ माणसं लागली ओढायला. तुमचे वडील ज्यावर टोले द्यायचे, तोच. आणि तुम्ही आता ही हातोडी आणलीत. जोडी जमली म्हणायची, एक्केचाळीस वर्षांनी.

तुमची पत्रं मिळाली. तिन्ही मिळाली. फाइलला लावलीत, क्रमांक टाकून. मी इथं काही टाकून देत नाही ताई, ही माझी खोड म्हणा. उत्तर नाही दिलं, ते वेगळं. उत्तर काय द्यायचं? तुम्ही म्हणता शिलालेखातली ती एक ओळ कोरू नका. एकच ओळ! जसं काही मीठ जरा कमी घाला म्हणावं. मागच्या अंगणात ठकठक ऐकू येतेय ना? पाथरवट बसलाय. एकोणीस नावं झाली कोरून, तारीख झाली, आता शेवटची ओळ राहिलीय. आज संध्याकाळपर्यंत संपवतो म्हणालाय, उद्या दगड उभा राहील. तुम्ही अगदी वेळेवर आलात बघा. म्हणजे, वेळेवर यायची सवय तुमच्या घराण्यात नवीच.

रागावू नका, मी तोंडाचा फटकळ आहे, अख्खं गाव ओळखतं. ही खोली पाहा ना. ही प्रवाशांची खोली होती, या खिडकीतून तिकिटं द्यायचो. गाडी बंद झाली, रूळ उखडून नेले, तेव्हा स्टेशनची सगळी दप्तरं रद्दीत निघाली होती, ट्रक दारात उभा. मी अडवला. छत्तीस पोती कागद घरी नेले. बायको म्हणाली, एक तर ही पोती राहतील नाहीतर मी. पोती राहिली. — नाही, ती पण राहिली, जाते कुठे. नावाड्यांचे परवाने, मालधक्क्याच्या पावत्या, पुराच्या नोंदी, सगळं झाडलं, पुसलं, उन्हाच्या तिरपीत वाळवलं, डांबरगोळ्या घातल्या. कोणी सांगितलं होतं मला? कोणी नाही. या गावाला इतिहास आहे तो माझ्यामुळे. नाहीतर होतं काय इथं? एक नदी होती. नदी काय, कुठल्याही गावाला असते.

आता हे चित्र बघा, शाळेतल्या मुलांसाठी काढून घेतलंय, त्यांना पटकन समजतं. हा पूल. हा मधला खांब, त्यावर रंगवलेली पट्टी, एक ते बारा आकडे. ही खोपटी, पुलाच्या मध्यावर, यात पहारेकरी. त्याचं काम एवढंच — दर तासाला वाकून पट्टी बघायची, पाणी ज्या आकड्याला लागलं असेल तितके टोले रुळाच्या तुकड्यावर द्यायचे. चार तर चार, सहा तर सहा. इकडे स्टेशनात कारकून टोले मोजणार आणि नोंदवहीत आकडा लिहिणार. दहा किंवा दहाच्या वर गेलं की गाडी सोडायची नाही. तेव्हा पुलावर टेलिफोन नव्हता, लागतच नव्हता, अर्ध्या गावाला टोले ऐकू यायचे. बायका टोले ऐकून ठरवायच्या, धुणं आज घाटावर न्यायचं की घरीच धुवायचं. तुमचे वडील दुपारी जेवायला बसले की आई द्यायची टोले, आठवतं? तुम्ही लहान असाल, आठ-नऊ वर्षांच्या. मला आठवतं, आईचे टोले हळू यायचे. एक द्यायची, मग विचार करत असल्यासारखी थांबायची, मग दुसरा.

तर त्या दिवशी काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन दिवस पाणी सातावर अडून बसलेलं. वरच्या अंगाचा बंधारा दुपारी फुटला आणि तासाभरात पाणी बाराच्याही वर. एक वाजता नोंद झाली — सात. एक वीसला प्रवासी गाडी सुटली, मधला खांब बसला, दोन डबे गेले नदीत. एकोणीस माणसं. तपासणीसाहेब आले, पंधरा दिवस राहिले, निकाल दिला — पहारेकऱ्यानं पट्टी न पाहता, खोपटीत बसल्या बसल्या, मागच्या तासाचेच सात टोले ठोकून दिले. दोन वर्षं सक्तमजुरी. आता त्यात माझं काय चुकलं? मी फक्त तेच भिंतीवर लिहिलं, आणि तेच दगडावर, शेवटच्या ओळीत लिहितोय. लाल झेंडा घेऊन धावत होता म्हणता? हो, धावत होता, ड्रायव्हरनं पाहिला पण, पण वळणावरून आलेली गाडी झेंड्याच्या फडक्यानं थांबते होय? घरात आग लागल्यावर विहीर खणण्यातली गत. तुरुंगातून आल्यावर गावात दोन दिवस तरी टिकला का? दारावर शेण मारलं लोकांनी. मी नाही मारलं — मी उभा होतो फक्त. पुढे हमाली करत होता म्हणे कुठल्याशा मंडईत. ते पण ऐकून आहे मी. असल्या गोष्टीसुद्धा टिपून ठेवाव्या लागतात.

काय म्हणालात? बारा दिले? अहो, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं, कोर्टात सांगितलं, तुरुंगात सांगितलं, आणि मरताना तुमच्या आईला सांगितलं असं तुम्ही दुसऱ्या पत्रात लिहिलंय. माणूस एकच गोष्ट चाळीस वर्षं सांगतो म्हणून ती खरी होत नाही. साक्षी झाल्या की! धोबी म्हणाला बारा. शिंपी म्हणाला नऊ की दहा. शाळेतले गुरुजी म्हणाले, पुराच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही. आणि तुमची आई म्हणाली, मी शेजारी उभी होते, बारा दिले, मी मोजले. बायकोची साक्ष! साहेब हसले. अहो हसणारच. मी पण — म्हणजे सगळेच हसले. आणि या सगळ्याच्या विरुद्ध काय होतं? शाई. नोंदवहीत शाईनं लिहिलेला सात. माणसाचं तोंड हलतं, ताई, शाई हलत नाही. म्हणून तर मी कागद जपतो.

कारकून कोण होता म्हणून काय विचारता? होता एक. तपासणीत नुसतं ‘कामावरील कारकून’ असंच लिहिलंय. लहान माणूस होता, सव्वीस वर्षांचा, त्याची काय चूक, त्याला ऐकू आलं ते लिहिलं. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे तेव्हाच्या स्टेशनमास्तरांनी, स्वतः साक्ष दिली की मुलगा हुशार आहे, अक्षर बघा कसं मोत्यासारखं. — हो, सासरे. तेव्हा नव्हते. पुढच्या वर्षी झाले. असं काय बघता? स्टेशनमास्तरच्या मुलीनं लग्नच करू नये की काय?

तुम्हाला नोंदवहीच बघायचीय ना? दाखवतो. घाबरतो की काय मी. सहसा कपाट उघडत नाही, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, म्हाताऱ्या आईला घेऊन. उद्या म्हणाल, काचेआडून दाखवलं, लपवलं. हं. ही बघा. लागली का कुठे वाळवी? पान पिवळं पडलंय, तेवढंच. हे बघा, सकाळचे सहा — सात. सात वाजता — सात. असं करत बारा वाजता सात, आणि हा बघा, एक वाजता सात. बोट नका लावू, लांबून. आणि त्याच्या खाली ही कागदाची पट्टी चिकटवलीय, ‘पूल पडला, नोंद बंद’, खाली मास्तरांची सही, शिक्का. साहेबांनी हे पान हातात धरून पाहिलंय, या कोपऱ्याला त्यांच्या विडीचा डाग आहे तोसुद्धा मी पुसला नाही. इतकं जपलंय. खळ घरची होती, पिठाची, सासूबाईंनी शिजवून दिलेली, अजूनपर्यंत —

अरे.

राहू द्या, राहू द्या, मी उचलतो. खळीला कसर लागते, पिठाचीच ना ती, किडा कागद सोडतो आणि खळ खातो. डांबरगोळ्या कमी पडल्या. द्या ती पट्टी इकडे. वही मिटतो मी. अहो, हात काढा! हात काढा म्हणतोय ना! वाचू नका, ते काही नाही, ते नुसतं — 

वाचलंस.

वाचलंस ना? मग वाच की मोठ्यानं. दोन वाजता सात. तीन वाजता सात. चार, पाच, सहा. पूल नदीत, खांब नदीत, पट्टी नदीत, आणि सहा वाजता पाणी सातावर! हस की. मला पण हसू आलं असतं, दुसऱ्या कोणाची वही असती तर. अगं, सगळेच करायचे तसं! माझ्या आधीचा करायचा, त्याच्या आधीचा करायचा. पाणी एका जागी बसलं की दुपारच्या जेवणाला जाताना संध्याकाळपर्यंतचे आकडे भरून टाकायचे. कोण तासातासाला कान लावून बसतो? पाण्याला काय, कुठं जायची घाई असते? बारा वाजता भरले मी. सहा वेळा सात. मोत्यासारखे. आणि गेलो जेवायला. मास्तरांनी एक वाजून गेल्यावर वही बघितली — सात — गाडी सोडली. त्यांच्या खोलीला दार, दाराला पडदा, बाहेर पुराचा धो धो आवाज. ते वहीवर विसंबले, मी पाण्यावर विसंबलो.

मग गाडी गेल्यावर धावत आलो तर मास्तर या इथं, या खिडकीशी उभे, वही हातात. त्यांनी पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. शिवी नाही दिली. म्हणाले, घरून खळ आण. बास. तीनच शब्द. मी आणली, त्यांच्याच घरून. ती पट्टी चिकटली आणि आम्ही दोघं तिच्याखाली एकत्र चिकटलो, ते कायमचे. मुलगी दिली मला. आवडत नव्हतो मी तिला, अजूनही नाही. मला पण कुठे आवडली होती ती.

काय? जाळलं का नाही? तुझा बाप अडाणी होता, तू तरी शिकलीस ना? वही जाळली असती तर राहिलं काय? तुझा बाप म्हणतो बारा, धोबी म्हणतो बारा, तुझी आई म्हणते बारा. मग माझा सात कुठून आणायचा? ही वही आहे म्हणून सात आहे. म्हणून तर ट्रक अडवला. छत्तीस पोती वाहिली ती काय त्या नावाड्यांच्या परवान्यांसाठी? एका पानासाठी वाहिली. पण एक पान जपायचं तर पस्तीस पोती सोबत जपावी लागतात, नाहीतर दिसतं. आणि मग लोक मलाच मास्तर म्हणायला लागले, म्हणे मास्तरांनी गावाचा इतिहास वाचवला. शाली दिल्या. घेतल्या मी.

रडू नकोस. रडायचं होतं तर पत्रातच रडायचंस. आणि एक सांगतो आता, एवढं ऐकलंच आहेस तर. म्हणजे तुझ्या मनात राहायला नको. तुझ्या बापानं दिले होते. बारा दिले. मी ऐकले. हो, घरी, जेवताना. घर कुठं लांब होतं, या रस्त्याच्या टोकाला. सातापर्यंत मी लक्ष पण दिलं नाही. आठवा पडला तसा घास हातात राहिला. नऊ. दहा. भराभर देत होता तो, हात मोडून घेतल्यासारखा. अकरा, बारा, आणि मग मोजणीच नाही, नुसता बडवत सुटला, मग थांबला. झेंडा घ्यायला गेला असेल. एक वीसला अजून बराच वेळ होता. धावत गेलो असतो तर पाच मिनिटांत स्टेशन. पण जायचं आणि काय सांगायचं? साहेब, वहीत सात आहे तो खोटा आहे, मी भरून आलो होतो? नोकरी लागून दीड वर्ष झालेलं. म्हटलं, मास्तरांना काय कान नाहीत? म्हटलं, ऐकलं असेल त्यांनी. आमच्या आईनं विचारलं, आणखी वाढू का. मी म्हटलं, वाढ. पानात टाकून उठायची आमच्याकडे रीत नव्हती. शिट्टी ऐकली तेव्हा हात धूत होतो.

झालं? समाधान झालं? बाप खरा होता तुझा. जा, सांग आईला. सांग अख्ख्या गावाला! कोण ऐकतं बघू. शिक्षा झालेल्या माणसाची मुलगी, शिलालेख लागायच्या आदल्या दिवशी येते, म्हणते मास्तरांनी मला कबुली दिली. कुठाय कबुली? फोन तुझा खणात, किल्ली माझ्या खिशात. आणि ही पट्टी — ही बघ, बस बघत, तुझ्यासमोरच लावतो. खळ नाही आता. गोंद. चांगला बाटलीतला. एवढा पसरायचा, कडेपर्यंत, हं, आणि वरून कापडानं दाबायचं. गोंदाला कसर लागत नाही. आता ही काढायची म्हटली तर खालची शाई सोबत येईल. माझ्या मागून कोण येईल तो येवो, त्याला फाटका कागद मिळेल. दगड तेवढा शाबूत मिळेल.

हातोडी पण घेणार आहे मी. अर्जावर तुम्ही सही केलीत येतानाच. ‘वस्तूखाली काय लिहायचं ते संग्रहालय ठरवेल.’ वाचून सही करत जावी ताई. जागा आहे कपाटात, या वहीच्याच शेजारी. ‘ज्या हातोडीनं सात टोले दिले ती.’ मुलांना आवडेल, त्यांना खरी वस्तू लागते बघायला. चला. पाच वाजले. हे घड्याळ स्टेशनचंच आहे, एक मिनिट इकडे तिकडे नाही. आईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा. म्हणावं, दगड चांगला आहे, काळा, एकसंध, शंभर वर्षं काही होत नाही त्याला. घ्या फोन. आणि बाहेर जाता जाता ती हातोडी —

काय ते? कोण वाजवतंय? अहो, पाटी लावलीय तिथं, वस्तूंना हात लावू नये. आईच ना तुमच्या? तास झाला म्हणून? काय खुळ्या आहेत की काय, आता कुठला पूल आणि कुठलं पाणी. दोन. सांगा त्यांना. तीन. नाही जात तुम्ही? बरं. वाजवू दे. पाच वाजलेत, पाच देईल आणि थकेल, म्हातारं माणूस. चार. किती वेळ लावते मध्ये, तेव्हाही असाच लावायची. पाच. झालं. — सहा. सात. बघा, सात. मोजलेत ना? सात झाले. थांबली.

आठ.

ए, सांग तिला. सांग, बंद कर म्हणावं. नऊ. माझ्याकडे काय बघतेस, मी काय — दहा. दार लाव ते. अकरा.

...

बारा.

काय रे? — तुम्हाला नाही हो, मागे पाथरवट विचारतोय. काय म्हणतोस? ठकठकीत मोजायचे राहिले? मग कशाला मोजतोस, तुला काय करायचंय? सात. सात झाले. वहीत आहे तेच. तू कोर.

जा आता, ताई. कुलूप लावायचंय.